मुदत आणि हाक

तुम्ही एखाद्याकडे निरोप पाठविता, तेव्हा दोन गोष्टी मनाशी ठरविता. उत्तर आले की पुढचे काम करायचे. आणि अमुक वेळेपर्यंत आलेच नाही, तर दुसरी वाट धरायची. संगणकातही हेच चालते. त्याला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाशी बोलणारी एक आज्ञावली असते. तिला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर डिस्कला सांगतो, 'अमुक मजकूर स्मृतीतल्या अमुक जागी आणून ठेव.' काम झाले की डिस्क प्रोसेसरला हाक मारते. हा झाला इंटरप्ट. हाक आलीच नाही तर जन्मभर वाट पाहायची काय? म्हणून ड्रायव्हर मुदतीचे घड्याळ लावतो. लिनक्स प्रणालीत एनव्हीएमई जातीच्या डिस्कसाठी ही मुदत सहसा ३० सेकंदांची असते.

आता समजा, डिस्क कुठे अडखळली आणि मुदत संपायला व हाक यायला एकच गाठ पडली. संगणकात प्रोसेसर अनेक. एक म्हणतो 'काम झालं', दुसरा म्हणतो 'मुदत संपली', आणि दोघेही एकाच कामाचा हिशेब मिटवू लागतात. त्याहून वाईट म्हणजे, मुदत संपली म्हणून स्मृतीतली ती जागा दुसऱ्या कामाला देऊन टाकली, पण डिस्कला कोणी थांबविलेच नाही! ती उशिरा का होईना, आपला मजकूर तिथेच आणून ओतते. एकाच्या खातेवहीत दुसऱ्याची पाने, आणि तक्रारीचा एक शब्दही नाही.

हा दोष शोधायचा कसा? जागोजागी संदेश छापावेत, तर छापण्यातच वेळ जातो, क्षण चुकतो आणि दोष दडी मारून बसतो. म्हणून उलट करावे. मुदत अगदी आखूड करावी आणि संशयित दोन ओळींच्या मध्ये मुद्दाम विलंब घालावा. लाखात एकदा होणारी टक्कर मग वारंवार होऊ लागते. कोणत्या प्रोसेसरवर, कोणत्या क्षणी काय घडले, याची नोंद स्मृतीतच ठेवावी. लिनक्समध्ये त्यासाठी एफट्रेस नावाची सोय आहे.

उपाय काय? पहिला, निकाल एकदाच लागावा. कामावर 'संपले' ही खूण मध्ये खंड न पडता एकाच क्रियेत उमटावी. जो ती आधी उमटवील त्याने हिशेब मिटवावा, दुसऱ्याने मुकाट्याने परतावे. दुसरा, डिस्क खरोखर थांबल्याशिवाय तिला दिलेली जागा मोकळी करू नये. तिसरा, घड्याळ 'बंद कर' म्हणणे आणि ते बंद होणे यांत फरक आहे. त्याचे काम दुसऱ्या प्रोसेसरवर चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबावे. मात्र त्या कामाला हवे असलेले कुलूप आपल्याच हाती धरून थांबलात, तर दोघेही कायमचे अडकलात म्हणून समजा!

लिनक्सचा एनव्हीएमई ड्रायव्हर मुदत संपली की डिस्कला दोष देण्याआधी झालेल्या कामांची रांग स्वतः तपासतो. कधी काम झालेले असते, हाकच हरवलेली असते. २०२१ साली त्याने आणखी एक खबरदारी घेतली. कामाच्या १६ बिटांच्या क्रमांकातले ४ बिट फेरीच्या आकड्यासाठी राखले. त्यामुळे जुन्या कामाचे शिळे उत्तर नव्या कामाच्या नावावर सहसा खपत नाही.

पुष्कळजण अशा वेळी नुसती मुदत वाढवितात. त्याने टक्कर विरळ होते, नाहीशी होत नाही. आणि विरळ झालेला दोष शोधायला अधिकच कठीण, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.