राणी दूरची, पुढारी जवळचा

25 नोव्हेंबर 2009 रोजी सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्स या चिमुकल्या बेटदेशाने नव्या राज्यघटनेवर मतदान केलं. घटना मंजूर झाली असती तर इंग्लंडची राणी त्या देशाची राणी उरली नसती. दोनच दिवसांनी जवळच्या त्रिनिदादमध्ये राष्ट्रकुल परिषदेचं उद्घाटन करायला खुद्द एलिझाबेथ राणी हजर होती, आणि तोवर निकाल लागलेला होता. सुमारे 56 टक्के मतदार 'नाही' म्हणाले, 43 टक्के 'हो'. मंजुरीला दोन तृतीयांश मतं हवी होती.

तेव्हाचे पंतप्रधान राल्फ गोन्साल्विस डाव्या विचारांचे, समर्थकांचे 'कॉम्रेड'. इंग्लंडची राणी आपलीही राणी असावी, ही त्यांना अनान्सीची गोष्ट वाटे. अनान्सी म्हणजे गुलामांच्या जहाजांबरोबर पश्चिम आफ्रिकेतून आलेला, सगळ्यांना टोप्या घालणारा लोककथांमधला कोळी, आठ पायांचा. घटनेच्या तयारीत पाच-सहा वर्षं गेली होती. आयोग नेमला गेला, सभा झाल्या, मसुदे फिरले. तरीही लोकांनी ती नाकारली. गंमत पुढेच आहे. डिसेंबर 2010 च्या निवडणुकीत त्याच मतदारांनी गोन्साल्विसना 15 पैकी 8 जागा देऊन पुन्हा पंतप्रधान केलं. म्हणजे माणूस चालतो, त्याची घटना चालत नाही.

लंडनच्या वर्तमानपत्रांना अशा निकालांत राणीवरचं प्रेम दिसतं. मला तसं वाटत नाही. गेल्या साठ वर्षांतली या बेटांवरची सार्वमतं एकापुढे एक ठेवली, की वेगळंच चित्र उभं राहतं.

सुरुवात जमैकापासून करावी लागते. 1958 मध्ये ब्रिटिशांच्या आशीर्वादाने दहा वसाहतींचा 'वेस्ट इंडीज फेडरेशन' हा संघ झाला. जमैकाचे प्रमुख नॉर्मन मॅन्ली संघाच्या बाजूचे, विरोधी नेते अलेक्झांडर बुस्टमांटे विरोधात. दोघे चुलत-मावस नात्यातले भाऊ. बुस्टमांटे यांनी संघाविरुद्ध रान उठवलं, तेव्हा मॅन्ली म्हणाले, लोकांनाच विचारू. 19 सप्टेंबर 1961 रोजी विचारलं. 54 टक्के लोक 'नाही' म्हणाले. दहातून एक वजा केला की शून्य उरतं, हे त्रिनिदादच्या एरिक विल्यम्स यांचं गणित त्यावरचंच. 1962 मध्ये संघ मोडला. मॅन्ली त्याच वर्षी निवडणूकही हरले आणि स्वतंत्र जमैकाचे पहिले पंतप्रधान झाले बुस्टमांटे. त्यानंतर आजतागायत जमैकात एकही सार्वमत झालेलं नाही. मॅन्लींचं काय झालं, हे तिथल्या प्रत्येक पुढाऱ्याला पाठ आहे.

ज्या घटनेने जमैका स्वतंत्र झाला, ती घटनाही लोकांनी मंजूर केलेली नव्हती. दोन्ही पक्षांच्या समितीने ती काही महिन्यांत बसवली, लंडनला नेली, आणि राणीच्या हुकुमाला जोडलेलं परिशिष्ट म्हणून ती लागू झाली. आपल्याकडे संविधान सभेने 395 व्या कलमात ब्रिटिश पार्लमेंटचा 1935 चा आणि 1947 चाही कायदा रद्द करून टाकला होता, म्हणजे ज्या कायद्याने स्वातंत्र्य 'दिलं' तोसुद्धा. दोर कापून टाकण्याची ती गोष्ट जमैकात झाली नाही, बार्बाडोसमध्ये नाही, ग्रेनेडातही नाही.

उलट गाठी पक्क्या बांधल्या गेल्या, आणि त्या एकट्या लंडनने बांधलेल्या नाहीत. स्थानिक पक्षांनी एकमेकांच्या धास्तीने त्या मागून घेतल्या. जमैकाचं सिनेट पाहा. एकूण 21 सदस्य, 13 सरकारने सुचवलेले, 8 विरोधकांनी. घटनेच्या गाभ्याला हात लावायचा तर दोन तृतीयांश, म्हणजे 14 मतं हवीत. विरोधकांचा किमान एक माणूस फुटल्याशिवाय किंवा पटल्याशिवाय ती होत नाहीत. विधेयक मांडल्यावर तीन महिने थांबायचं, चर्चा संपल्यावर आणखी तीन महिने, आणि मग जनतेकडे जायचं. सिनेटने अडवलं तर जनतेकडूनच दोन तृतीयांश मिळवायची. पूर्व कॅरिबियनच्या छोट्या देशांपैकी ग्रेनेडा, अँटिग्वा आणि सेंट व्हिन्सेंटमध्ये तर सार्वमतालाच दोन तृतीयांशाची अट आहे. एवढी मतं तिथल्या पक्षांना निवडणुकीतही क्वचित मिळतात.

मग राणी गेली ती कुठून? जिथे लोकांना विचारलं नाही तिथून. गयाना 1970 मध्ये प्रजासत्ताक झाला, त्रिनिदाद 1976 मध्ये, डॉमिनिका तर 1978 मध्ये स्वतंत्र होतानाच. मराठी वाचकाला हे देश 1971 पासून तोंडपाठ आहेत. अजित वाडेकरांचा संघ, गावसकरांच्या 774 धावा, रात्री उशिरापर्यंत कानाशी धरलेला ट्रान्झिस्टर. त्या दौऱ्यात जॉर्जटाऊनला गावसकरांनी पहिलं शतक ठोकलं तेव्हा गयानात राणी नव्हती, पोर्ट ऑफ स्पेनला द्विशतक केलं तेव्हा तिथे होती. धावफलकावर हा फरक दिसण्याचं काही कारण नव्हतं, आणि रस्त्यावरच्या माणसालाही तो फार जाणवत असेल असं वाटत नाही. त्रिनिदादमध्ये 1971 च्या निवडणुकीवर विरोधकांनी बहिष्कार टाकला होता, सगळ्या 36 जागा सत्ताधारी पक्षाच्या. प्रजासत्ताकाची घटना त्याच संसदेत मंजूर झाली.

गयानाची कथा अधिक काळी. फोर्ब्स बर्नम यांच्या सरकारने 1978 मध्ये सार्वमत घेतलं ते कशावर? घटनेतली सार्वमताची अटच काढून टाकण्यावर! विरोधकांचा बहिष्कार, केंद्रं ओस, आणि सरकारी आकडा 97 टक्क्यांहून जास्त 'हो'चा. या देशांत घटनाबदलाच्या बाजूने लागलेला सगळ्यांत दणदणीत कौल हा असा आहे. शेजारच्या बेटांवरच्या लोकांनी तो पाहिला, आणि सरकारच्या हातात नवी घटना गेली की काय होतं याचा एक धडा मनाशी ठेवला.

मुकुटापेक्षा जास्त वाद मात्र न्यायालयावरून झाला. यातल्या बहुतेक देशांचं शेवटचं अपील आजही लंडनला, प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. आपणही त्या दारात उभे राहिलेलो आहोत. टिळकांचं ताईमहाराज प्रकरण 1915 मध्ये तिथेच त्यांच्या बाजूने निकाली निघालं, आणि 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात याच कौन्सिलने त्यांना अपिलाची परवानगीसुद्धा नाकारली. भारताने 1949 मध्ये तो रस्ता बंद केला. कॅरिबियन देशांनी त्यासाठी 2005 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिस उभं केलं. सरकारांनी पगार अडवून न्यायाधीशांना वाकवू नये म्हणून 10 कोटी डॉलरचा निधी आधीच बाजूला काढला, नेमणुका स्वतंत्र आयोगाकडे दिल्या. कागदावर याहून चांगली तटबंदी क्वचितच दिसेल. पण अपिलासाठी या कोर्टाकडे आजवर वळलेले देश पाचच: बार्बाडोस, गयाना, बेलीझ, डॉमिनिका आणि 2023 मध्ये सेंट लुशिया. पाचांपैकी एकानेही त्यासाठी सार्वमत घेतलं नाही. ज्या त्रिनिदादच्या भूमीवर कोर्टाची इमारत आहे, त्याची अपिलं अजून लंडनलाच जातात.

या वादाला फाशीचीही किनार आहे. 1993 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने जमैकाच्या प्रॅट आणि मॉर्गन यांच्या खटल्यात ठरवलं, की पाच वर्षांहून जास्त काळ फाशीच्या छायेत ठेवलेल्या कैद्याला लटकवणं हा अमानुषपणा आहे. खुनांनी हैराण झालेल्या बेटांवर लोक खवळले, आणि स्वतःचं कोर्ट हवं ही मागणी अचानक पुढाऱ्यांच्या तोंडी जोरात आली. संशय तिथेच रुजला. हे कोर्ट न्यायासाठी हवंय की दोरासाठी? पुढे 2018 मध्ये याच कोर्टाने बार्बाडोसची सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवली, पण तोवर संशयाने मूळ धरलं होतं. आणखी एक विनोद म्हणजे, 2009 मध्ये ब्रिटनच्या नव्या सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष लॉर्ड फिलिप्स यांनीच तक्रार केली होती, की या अपिलांत आमचा फार वेळ जातो, या देशांनी स्वतःची सोय पाहावी. यजमान दार दाखवतोय आणि पाहुणा हलायला तयार नाही.

का हलत नाही, हे ग्रेनेडात कळतं. लोकसंख्या जेमतेम सव्वा लाखाच्या आतबाहेर. मॅजिस्ट्रेट कुणाचा मेव्हणा, मंत्री कुणाचा वर्गमित्र, हे सगळ्यांना ठाऊक. त्यात इतिहास असा. 1979 मध्ये मॉरिस बिशप यांच्या क्रांतीने घटना गुंडाळून ठेवली, प्रिव्ही कौन्सिलचं अपील बंद केलं, आणि राणीला मात्र राहू दिलं. तिचे गव्हर्नर जनरल पॉल स्कून क्रांतीच्या पूर्ण काळात आपल्या जागेवर होते. ऑक्टोबर 1983 मध्ये बिशप यांना त्यांच्याच साथीदारांच्या गटाने गोळ्या घातल्या आणि सहा दिवसांनी अमेरिकी फौजा उतरल्या. आरोपींवर खटला चालला तो क्रांतीनेच स्थापलेल्या स्थानिक न्यायालयात, लंडनला अपील नाही. 14 जणांना फाशी सुनावली, ती पुढे जन्मठेपेवर आली. लंडनचा मार्ग 1991 मध्ये पुन्हा उघडला, आणि 2007 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्या शिक्षाच अवैध ठरवून शिक्षेवर नव्याने सुनावणी करायला लावली. बिशप यांच्या समर्थकांना तो निकाल रुचला नसेल. पण सरकार बदललं की न्यायालयही बदलू शकतं, हे पुस्तकातून शिकायची ग्रेनेडाच्या माणसाला गरज नव्हती.

24 नोव्हेंबर 2016 रोजी कीथ मिचेल सरकारने सात विधेयकं एकदम सार्वमताला टाकली. कॅरिबियन कोर्ट, देशाच्या नावात छोट्या बेटांचा समावेश, निवडणुकीची ठरलेली तारीख, पंतप्रधानाला सलग तीनच मुदती, स्त्री-पुरुष समानतेचा हक्क वगैरे. सातही पडली. मतदानाला एक तृतीयांश लोकही आले नाहीत. समानतेच्या विधेयकाला सगळ्यांत मोठा दणका बसला, कारण त्यातून समलिंगी विवाहाला वाट मिळेल असा धर्मगुरूंचा प्रचार. इथे माझ्या म्हणण्याला एक अडचण आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. लोकांचा पुढाऱ्यांवर अविश्वास, तर मग पुढाऱ्याच्या मुदतीला लगाम घालणारं विधेयक त्यांनी का पाडलं? माझा अंदाज असा, की लगाम कोण विणतोय हे त्यांनी पाहिलं. संसदेच्या 15 पैकी 15 जागा त्या वेळी मिचेल यांच्या पक्षाकडे होत्या. मार्च 2018 मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा सगळ्या 15 दिल्या, आणि नोव्हेंबरमध्ये कॅरिबियन कोर्टावर दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा 55 टक्क्यांनी पुन्हा 'नाही'. त्याच दिवशी अँटिग्वातही हाच प्रश्न होता. तिथे 'नाही' 52 टक्के. पंतप्रधान गॅस्टन ब्राउन यांच्या पक्षाने त्याच वर्षी 17 पैकी 15 जागा जिंकल्या होत्या.

विरोधी पक्षांना यात निर्दोष सोडता येत नाही. बहामासमध्ये 2002 साली स्त्रियांच्या नागरिकत्व-हक्काची विधेयकं संसदेत विरोधकांच्याही मतांनी मंजूर झाली. सार्वमत जवळ आलं तसे विरोधी नेते पेरी क्रिस्टी फिरले, विधेयकं पडली आणि काही आठवड्यांत ते पंतप्रधान झाले. 2016 मध्ये पंतप्रधान म्हणून तशीच विधेयकं घेऊन क्रिस्टी स्वतः लोकांपुढे गेले, आणि चारही पडली. बहामासच्या बायकांना, परदेशी नवऱ्यापासून परदेशात झालेल्या मुलाला आपलं नागरिकत्व आपोआप देता येत नाही, ते तसंच राहिलं.

बार्बाडोसने हे सगळं पाहून घेतलं असावं. तिथे 1998 मध्येच फोर्ड आयोगाने प्रजासत्ताकाची शिफारस केली होती, 2005 मध्ये सार्वमताचा कायदाही झाला, सार्वमत काही झालं नाही. मिया मॉटली यांनी 2018 मध्ये 30 पैकी 30 जागा जिंकल्या आणि सरळ संसदेतून काम उरकलं. 30 नोव्हेंबर 2021 ला सँड्रा मेसन राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्या आदल्या दिवसापर्यंत राणीच्या गव्हर्नर जनरल होत्या. राजपुत्र चार्ल्स पाहुणे म्हणून आले, गायिका रिहानाला राष्ट्रवीर घोषित केलं. घटनेचं बाकीचं पुनर्लेखन मागाहून नेमलेल्या आयोगावर सोपवलं. चतुराई होती यात शंका नाही, पण जो प्रश्न कधी विचारलाच नाही त्याचं उत्तर मिळालं असं कसं म्हणायचं?

जमैकाला ही पळवाट नाही. तिथे लोकांना विचारावंच लागतं, आणि लोकांचं मन सरळ रेषेत चालत नाही. 2011 मध्ये ग्लीनर वृत्तपत्राच्या पाहणीत 60 टक्के लोक म्हणाले होते, आपण ब्रिटिशांच्या ताब्यात राहिलो असतो तर बरं झालं असतं. याच देशात 2022 मध्ये विल्यम आणि केट यांच्यापुढे गुलामगिरीच्या भरपाईचे फलक धरले गेले, आणि पंतप्रधान अँड्र्यू होलनेस यांनी त्यांना तोंडावर सांगितलं, की आम्ही पुढे निघालो आहोत. मला या दोन गोष्टींत विरोध दिसत नाही. पहिली तक्रार 1962 नंतरच्या सरकारांबद्दल आहे, दुसरी त्याआधीच्या.

डिसेंबर 2024 मध्ये मंत्री मार्लीन मलाहू फोर्ट यांनी प्रजासत्ताकाचं विधेयक मांडलं. राजा जाणार, राष्ट्राध्यक्ष येणार, शेवटचं अपील मात्र तूर्त लंडनलाच. विरोधी नेते मार्क गोल्डिंग यांचा पक्ष राजा घालवायला तयारच होता, पण अर्धवट नको म्हणाला. राजा आणि राजाचं कोर्ट एकाच वेळी गेले पाहिजेत, कारण ज्या देशात जायला जमैकाच्या माणसाला 2003 पासून व्हिसा लागतो, तिथे त्याचा शेवटचा न्याय कसा ठेवायचा? सरकारचं म्हणणं, कोर्टाचा प्रश्न सोबत बांधला तर ग्रेनेडासारखं दोन्ही बुडेल. सिनेटमधलं ते चौदावं मत गोल्डिंग यांच्याकडे होतं, आणि ते द्यायला ते तयार झाले नाहीत. 2025 च्या निवडणुकीसाठी संसद विसर्जित झाली आणि विधेयक निकालात निघालं. 3 सप्टेंबरला होलनेस तिसऱ्यांदा निवडून आले. विधेयक पुन्हा मांडायचं तर सहा महिन्यांची घड्याळं पहिल्यापासून लावावी लागतील, आणि सिनेट अजूनही 13 आणि 8 आहे.