वाचनाधिकार आणि लेखनाधिकार

आणे (ता. जुन्नर) येथील जमिनीचा सातबारा महाभूलेख संकेतस्थळावर कोणासही पाहता येतो, परंतु महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये विहित कार्यपद्धतीवाचून त्यातील नोंद पालटत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटास डेटाबेस खुला करतानाही पाहणे व पालटणे यांतील हा भेद पाळणे अगत्याचे आहे. ‘लिहू नको’ एवढी आज्ञा पुरत नाही. कारण आज्ञा आणि वाचलेला मजकूर ही दोन्ही एजंटास भाषेतूनच मिळतात, व मजकुरातील एखादे वाक्यही तो आज्ञा मानू शकतो. म्हणून निर्बंध वाक्यात नव्हे, अधिकारात असावा. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये ‘केवळ वाचन’ ही मांडणी वापरकर्ता स्वतः पालटू शकतो. न दिलेला लेखनाधिकार मात्र त्यास स्वतःहून घेता येत नाही. वाचनानेही खाजगी माहिती बाहेर जाते. यास्तव स्वतंत्र खात्यास आवश्यक तेवढेच रकाने खुले करावेत.