बेडकांचं डराव डराव जपणाऱ्या संस्थेत इंटर्नशिप

लोककला, लोकसंगीत यांचा नाद असलेल्या कॉलेजच्या मुलांनो, वॉशिंग्टनमधलं स्मिथसोनियन संस्थेचं लोकजीवन आणि सांस्कृतिक वारसा केंद्र माहीत आहे का? परदेशी विद्यार्थीही इथे इंटर्नशिपसाठी अर्ज करू शकतात.

१९६७पासून वॉशिंग्टनच्याच नॅशनल मॉल या मैदानाच्या हिरवळीवर भरणारा लोकजीवन महोत्सव याच केंद्राचा. १९८५मध्ये तिथे चक्क भारतातली जत्रा उभी राहिली होती!

पण माझा जीव अडकलाय तो फोकवेज रेकॉर्ड्समध्ये. मोझेस ॲश यांनी १९४८मध्ये ही कंपनी काढली आणि दोन हजारांहून जास्त अल्बम काढले. लोकगीतं, कामगारांची गाणी, अगदी उत्तर अमेरिकेतल्या बेडकांचे आवाजसुद्धा! १९८७मध्ये हा ठेवा स्मिथसोनियनकडे आला तो एका अटीवर: खप असो वा नसो, एकही अल्बम बंद करायचा नाही. कुठली कंपनी आज असं कबूल करेल?

इंटर्नच्या वाट्याला ध्वनिमुद्रणांच्या नोंदी, संशोधन, महोत्सवाची धावपळ अशी कामं येतात. झगमगाट नाही, पण शिकायला भरपूर.

मानधन मिळेलच असं नाही, व्हिसालाही वेळ लागतो. त्यामुळे अर्जाआधी स्मिथसोनियनच्या संकेतस्थळावरच्या अटी नीट वाचा.