डबा टाळू नका, कबड्डी खेळा!

बालमित्रांनो, आमच्या यवतमाळकडची गोष्ट सांगतो. ‘जाड्या’ म्हणून चिडवलं की माझ्या वर्गातला एक मुलगा दुपारचा डबाच खायचा नाही. मग शाळा सुटली की कडकडून भूक, अन् चिप्स नि थंड पेय! अशा ३०० मिलिलिटर गोड पेयात साधारण ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. वजन उतरणार कसं?

त्याच्या आईशी बोलून तीनच गोष्टी ठरवल्या. डब्यात ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी नि तुरीचं घट्ट वरण. तहानेला फक्त पाणी. अन् रोज तासभर कबड्डी किंवा सायकल. कबड्डीला कमी समजू नका बरं! शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं ती १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी खेळून दाखवली होती.

वर्षभरात त्याचं वजन फारसं हललं नाही. पण उंची वाढली अन् जिना चढताना लागणारा दम थांबला. वाढत्या वयात हेच खरं यश! डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलांनी जेवण तोडू नये.

आईबाबांनो, हा बदल साऱ्या घरानं करा. अन् मुलांनो, मित्राला चिडवू नका. त्याला आपल्या संघात घ्या!