घरातील बंदूक आणि घरातील मूल

विजयादशमीच्या दिवशी ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील काही जुन्या घराण्यांत शस्त्रपूजनाचा पाट मांडला जातो आणि तलवार-कट्यारींच्या शेजारी परवान्याची बंदूकही ठेवली जाते. हळदकुंकू वाहिले जाते, नळीवर झेंडूचे फूल ठेवले जाते, आणि घरातील सातआठ वर्षांचे मूल डोळे विस्फारून त्या वस्तूकडे पाहत राहते. बेळगावच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात किंवा गोव्यातील घाटाखालच्या गावांत रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी बाळगलेली बंदूक तर मुलांच्या नित्य पाहण्यातली असते. अशा वेळी मूल दोनच प्रश्न विचारते : ही कशी उडते? आणि मी हातात घेऊ का? बहुतेक घरांत या प्रश्नांना उत्तर मिळते ते दटावणीचे. दटावणीने हात क्षणभर मागे सरतो. कुतूहल मात्र तेथेच राहते.

बंदुकीचे अपघात द्वेषातून घडत नाहीत; ते ‘रिकामी आहे’ या एका समजुतीतून घडतात. ही समजूत किती सहज फसवते, हे शस्त्राची रचना पाहिली म्हणजे ध्यानात येते. दुनळी बंदूक मधोमध उघडली की दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड दिसतो व शंका उरत नाही. पिस्तुलाचे तसे नाही. त्याच्या मुठीतील मॅगझिन काढून घेतले तरी नळीच्या मुळाशी एक काडतूस शिल्लक राहू शकते. म्हणून प्रथम मॅगझिन काढावयाचे, नंतर वरचा सरकता भाग मागे ओढून आतील जागा डोळ्यांनी पाहावयाची, हाच क्रम. तो उलटा झाला, तर बाहेर पडलेल्या काडतुसाच्या जागी मॅगझिनमधील दुसरे जाऊन बसते. ठासणीच्या बंदुकीत बार भरलेला आहे की नाही, हे बाहेरून दिसतच नाही. वर्षापूर्वी भरून विसरलेला बारही टोपी बसवून चाप ओढताच उडू शकतो.

यामुळे जाणत्या लोकांनी काही नियम सर्वत्र सारखे मानले आहेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. नळीचे तोंड माणसाकडे, थट्टेतही, वळवू नये. नेम धरून बार काढण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापावर नेऊ नये. आणि लक्ष्याच्या पलीकडे काय आहे, हे आधी पाहावे. कारण पॉइंट बावीसच्या लहानशा रायफलीची गोळीसुद्धा दोन किलोमीटरपर्यंत घातक ठरू शकते. सुरक्षेचा खटका लावलेला आहे म्हणून यांपैकी एकही नियम शिथिल होत नाही, कारण खटका हे यंत्र आहे व यंत्र बिघडते.

लहान मुलांना एवढे सारे सांगण्याचे कारण नाही. त्यांना चार गोष्टी पुरतात : बंदूक दिसली तर थांबावे, हात लावू नये, तेथून दूर जावे आणि मोठ्या माणसास सांगावे. हा पाठ आपल्या घरापुरता नसून मित्राच्या घरासाठीही आहे, हे मुद्दाम सांगावे. सांगणाऱ्या मुलाला कोणीही रागावणार नाही, असा विश्वासही त्याला द्यावा. अन्यथा भीतीपोटी मूल नेमकी तीच गोष्ट लपवते.

परंतु केवळ शिकवणीवर विसंबणे हीही एक घातक समजूत आहे. अमेरिकेत 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 8 ते 12 वर्षांच्या 64 मुलांना, दोनतीन जणांचे गट करून, एका खोलीत ठेवण्यात आले. तेथील खणात एक खरे, पण निकामी केलेले पिस्तूल होते. एकूण 29 गटांपैकी 21 गटांना ते सापडले. त्यांतील 16 गटांनी ते हाताळले आणि 10 गटांत कोणीतरी चाप ओढला. त्या हाताळणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना बंदुकीविषयी सावधगिरीची सूचना पूर्वीच मिळालेली होती! यावरून शिकवणे व्यर्थ आहे असे ठरत नाही. मुलाच्या शहाणपणावर शेवटचा भार टाकू नये, एवढे मात्र ठरते. तो भार कुलपाने वाहावयाचा असतो, आणि कुलूप लावणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे.

म्हणून बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी. काडतुसे दुसऱ्या ठिकाणी, वेगळ्या कुलपात ठेवावीत. आणि किल्ली मुलांना ठाऊक असलेल्या खुंटीवर नसावी. उशीखाली, कपाटाच्या माथ्यावर किंवा धान्याच्या कोठीमागे ठेवलेली बंदूक ‘लपवलेली’ असते, सुरक्षित नसते. घरातील लपवण्याच्या जागा मुलांइतक्या कोणालाच ठाऊक नसतात. भारतातील 2016 च्या शस्त्र नियमांनीही परवानाधारकाच्या प्रशिक्षणाला आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याच्या जबाबदारीला स्थान दिले आहे.

मूल मोठे झाले व त्याला नेमबाजीची ओढ वाटू लागली, तर तिला चोरवाट शोधू देण्यापेक्षा राजमार्ग दाखवावा. परवान्यासाठी वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. तथापि देखरेखीखालील प्रशिक्षणाला कायद्यात वाव आहे. 1948 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेत विद्यार्थ्यांना चांदमारीची संधी मिळते. 2010 साली जागतिक अजिंक्यपद मिळवणाऱ्या तेजस्विनी सावंत आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारे स्वप्नील कुसाळे हे दोघेही कोल्हापूरकडचे. ज्या मैदानांवर असे नेमबाज घडतात, तेथे आज्ञेवाचून कोणी शस्त्रास हात लावत नाही आणि रिकाम्या रायफलीतही ती रिकामी असल्याची खूण म्हणून रंगीत दोरी घातलेली असते. शिस्त अंगी बाणली म्हणजे नेमाची गोष्ट.

मुले ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकतात. वरातीत काकांनी हवेत बार काढला आणि साऱ्यांनी टाळ्या पिटल्या, की शंभर उपदेश वाया जातात. वर गेलेली गोळी कोठेतरी खाली येतेच. जिवाला धोका होईल अशा या हौसेच्या गोळीबारास 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

पुढच्या दसऱ्याला पाटावर बंदूक ठेवण्यापूर्वी घरच्या कर्त्या माणसाने ती सर्वांदेखत उघडावी, आत स्वतः पाहावे, आणि पूजा आटोपताच पुन्हा कुलपात ठेवावी. बाजूला उभे असलेले मूल ते पाहत असेल. शस्त्राचा मान राखणे म्हणजे काय, हे त्याला त्या दिवशी कळेल.