वैमानिकाचे तास, प्रवाशांचा खोळंबा

२०२४च्या एप्रिल महिन्याच्या प्रारंभी 'विस्तारा' या विमान कंपनीची शंभराहून अधिक उड्डाणे अवघ्या काही दिवसांत रद्द झाली आणि मुंबई, दिल्लीसह अनेक विमानतळांवर प्रवाशांचा खोळंबा झाला. विमाने सज्ज होती, हवामानही प्रतिकूल नव्हते. वैमानिक मात्र पुरेसे उपलब्ध नव्हते. या गोंधळाच्या मुळाशी नव्या वेतनकरारातील एक आकडा होता : ७० ऐवजी ४०.

वैमानिकाचे वेतन मासिक असले तरी त्याचा मोठा भाग तासांवर मोजला जातो. विमान प्रवासासाठी जागेवरून हलले की घड्याळ सुरू होते आणि इच्छित स्थळी जागेवर थांबले की बंद होते. यालाच 'ब्लॉक तास' म्हणतात. उड्डाणापूर्वीची तयारी, दोन उड्डाणांमधली प्रतीक्षा, परगावच्या हॉटेलातला मुक्काम हे या हिशेबात येत नाही. काम कमी-जास्त झाले तरी वैमानिकाच्या घरखर्चाची ओढाताण होऊ नये म्हणून करारात किमान तासांची हमी असते. तेवढे उड्डाण झाले नाही तरी तेवढ्याचे पैसे मिळतात. त्यावरच्या तासांचा मोबदला वेगळा.

ही हमीच रोस्टर, म्हणजे वैमानिकांच्या कामाचे वेळापत्रक, आखणाऱ्या विभागाचे गणित ठरवते. हमी ७० तासांची असेल तर ५५ तास उडालेल्या वैमानिकाचे पुढचे १५ तास कंपनीच्या दृष्टीने 'फुकट' असतात, कारण त्यांचे पैसे द्यावेच लागणार. साहजिकच महिनाअखेरीस आधी त्यालाच बोलावले जाते. वर्षाला १००० उड्डाण तासांची कायदेशीर मर्यादा आहे, म्हणजे महिन्याला सरासरी ८३ तास. तेव्हा ७० तासांची हमी ही जवळजवळ पूर्ण कामाची हमी ठरते. ती ४० वर आणली की राखीव वैमानिक बसवून ठेवणे कंपनीला स्वस्त पडते, आणि त्या बसण्याची किंमत वैमानिकाच्या खिशातून जाते. रजा, प्रशिक्षण, आजारपण, राखीव म्हणून घरी थांबलेला दिवस, या सगळ्यांची झळ मग पगाराला लागते. थकवा आल्याचे प्रामाणिकपणे कळवणेही अशा वेळी महाग पडते, ही बाब सुरक्षिततेच्या दृष्टीने दुर्लक्षिण्याजोगी नाही.

अमेरिकेतील वैमानिक संघटनांनी या प्रतीक्षेच्या वेळेलाही करारांत किंमत लावून घेतली आहे. तेथे 'रिग' नावाची तरतूद असते. कामावर असलेल्या दर दोन तासांमागे किमान एका तासाचे वेतन, असे तिचे एक प्रचलित रूप आहे. समजा, एका वैमानिकाने सकाळी सहाला हजेरी लावली, सव्वादोन तासांचे एक उड्डाण केले, पाच तास परक्या विमानतळावर काढले आणि तेवढ्याच वेळाचे परतीचे उड्डाण केले. काम ११ तासांचे, ब्लॉक तास मात्र साडेचार. 'रिग'मुळे त्याला साडेपाच तासांचे पैसे द्यावे लागतात, म्हणजे एक तास उड्डाणाविना. मूळ ठिकाणापासून दूर काढलेल्या वेळेसाठीही असाच नियम असतो. वेळापत्रके आखणारी संगणक प्रणाली हा बिनउड्डाणाचा खर्च टाळू पाहते. लांबलेल्या प्रतीक्षा आणि निष्कारण मुक्काम त्यामुळे आपोआप कमी होतात. किती तास काम करावे हे सरकारी नियम सांगतात. त्या मर्यादेच्या आत वैमानिकाचा वेळ किती काटकसरीने वापरायचा, हे पगाराचा नियम ठरवतो.

'विस्तारा'त नेमके उलटे घडले. एअर इंडियातील विलीनीकरणापूर्वी दोन्ही कंपन्यांची वेतनरचना समान करण्यासाठी हमीचे तास घटवले गेले. विशेषतः सहवैमानिकांना त्यात वेतनकपात दिसली. त्याच सुमारास रोस्टर मात्र इतके ताणलेले होते की ऐनवेळी कोणी न आल्यास पर्याय उरत नसे, हे कंपनीच्या वरिष्ठांनीही मान्य केले. अनेक वैमानिकांनी आजारी असल्याचे कळवताच डोलारा कोसळला. अखेर कंपनीने रोजची २५ ते ३० उड्डाणे, म्हणजे सुमारे १० टक्के, कमी केली. कागदावर अनावश्यक वाटणारे राखीव मनुष्यबळ उभे करण्याचा तोच एक तातडीचा मार्ग उरला होता.

१२ नोव्हेंबर २०२४ रोजी 'विस्तारा' एअर इंडियात विलीन झाली. त्यानंतर सुमारे वर्षभराने, डिसेंबर २०२५ मध्ये, 'इंडिगो'ची हजारो उड्डाणे रद्द झाली. तेथे कारण वेतनाचे नव्हते. विश्रांतीचे आणि रात्रीच्या उड्डाणांचे कडक नियम नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते. मात्र कमतरता त्याच गोष्टीची होती. राखीव वैमानिक पुरेसे नव्हते आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट द्यावी लागली.