मेटल फेस्टिव्हलला जाताय? काळा टी-शर्ट घालाच, पण बॅगेत जॅकेटही ठेवा

नागपूर : मेटलचा कार्यक्रम म्हटला की काळा टी-शर्ट आलाच. पण हिवाळ्यात उघड्या मैदानावर दुपारपासून रात्रीपर्यंत उभे राहायचे, तर कपडे हवामान बघून निवडावे लागतात.

थंडीचा हिशेब
नागपूर समुद्रापासून दूर आहे. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा २८ अंशांच्या आसपास असतो, तर रात्री अनेकदा १० च्याही खाली जातो. २९ डिसेंबर २०१८ रोजी तो ३.५ अंशांवर आला होता. घामाने भिजलेला सुती टी-शर्ट लवकर वाळत नाही आणि परतताना दुचाकीवर हुडहुडी भरते. म्हणून कोरडा टी-शर्ट आणि जॅकेट सोबत हवेच. काळा रंग ऊन शोषतो, त्यामुळे दुपारी टी-शर्ट सैल असावा.

पायांत काय?
चप्पल नकोच. ‘मॉश पिट’मध्ये, म्हणजे स्टेजसमोरच्या धक्काबुक्कीत, पाय तुडवले जातात. आधी वापरलेले, घट्ट लेसचे बूट घाला.

पाऊस आला तर?
जर्मनीतील वाकेन फेस्टिव्हलला २०२३ मध्ये चिखलामुळे प्रेक्षकांचा प्रवेश थांबवावा लागला होता. जीन्स भिजली की जड होते. पातळ कार्गो पँट बरी. छत्रीमुळे मागच्यांना दिसत नाही, त्यापेक्षा रेनकोट न्या.

गेटवर काय अडते?
खिळ्यांचे पट्टे, जाड साखळ्या सुरक्षारक्षक काढून घेऊ शकतात. तिकिटावरचे नियम आधी वाचा.

इअरप्लग कपड्यांत मोडत नाहीत, पण रात्रभर कानात शिट्टी वाजू नये असे वाटत असेल, तर खिशात हवेतच.